पांढरीतली रिकाम्या हाताची बाई

कुशाबाईला कुणी अडाणी म्हटलं तर ती हसून सोडून द्यायची. पण तिच्यासमोर कुणा बाईला ‘बिचारी’ म्हटलेलं मात्र तिला खपायचं नाही. मग ती बिचारी जिवंत असो, नाहीतर तीन हजार वर्षांपूर्वी मेलेली असो. निमोण्याच्या पांढरीवर जे काही रामायण झालं ते एवढ्यावरूनच झालं.

पांढर म्हणजे घोडनदीच्या बाजूचं पांढुरक्या मातीचं टेकाड. गावातल्या चार पिढ्यांनी तिथली माती गाड्या भरभरून शेतात नेली, कारण ती पिकाला मानवते. नेताना मधे मधे खापरं, मणी, हाडं निघायची, ती बांधावर भिरकावली. मग पुण्याहून उत्खनन करणाऱ्या साधनामॅडम आल्या. त्यांनी दोऱ्या ताणून चौकोन आखले आणि सांगितलं, हे टेकाड नाही, हे गाव आहे. तुमच्या गावाच्या आधीचं गाव. सरपंच पोपटराव त्या दिवसापासून ‘आमचा वारसा’ म्हणायला लागले. सगळ्यांत जास्त वारसा त्यांच्याच उसात पसरलेला होता, ही गोष्ट वेगळी.

खोदाईला बारा बाया लागल्या, वारशाच्या नावानं पोपटरावांची बायकोही त्यात होती. त्यांच्यात कुशाबाई वयानं थोरली, साठी उलटलेली. जातीची धनगर. मेंढरं होती तोवर घराच्या पायाला भिंगरी होती. कालव्याचं पाणी आलं, मेंढरं गेली, ऊस आला, आणि घर एका जागी बसलं. मुलगा मल्हार सणसवाडीच्या एका कंपनीत होता. आईनं खड्ड्यात बसावं हे त्याला काही रुचलं नव्हतं.

“आई, लोक काय म्हणतील?”

“म्हंतील, म्हातारी मढी उकरती. खरंच हाय की.”

पण तिचा हात असा की मॅडमनीही मान डोलवावी. मातीचा रंग जरासा बदलला की तिचं खुरपं आपसूक थांबायचं. मेंढीची लोकर कातरताना कातडीला ओरखडा येऊ द्यायचा नाही, ही जन्माची सवय. हाडावरची माती काढणं त्याहून अवघड नव्हतं. मेंढी निदान लाथ मारते.

आधी एक पुरुष सापडला. त्याच्या भोवती चौदा मडकी, गळ्यात लाल दगडाचे मणी. मॅडमनी सगळ्या बायांना लिंबाच्या सावलीत बसवून समजावून सांगितलं. “मेलेल्या माणसाबरोबर लोक काय ठेवतात, त्यावरून तो जिवंतपणी कोण होता ते कळतं. हा मोठा असामी. गावाचा प्रमुख असेल.”

कुशाबाईला ते पटलंही. “आमच्या सासऱ्याच्या संगं चिलीम ठिवली व्हती,” ती म्हणाली, आणि बाया खिदळल्या.

पुढच्या आठवड्यात कुशाबाईच्याच ब्रशखाली एक बाई निघाली. उताणी, डोकं उत्तरेला, उजवा हात पसरलेला. पाच दिवस कुशाबाई तिच्याजवळ बसून होती. आधी कपाळ, मग खांदा, मग बोटांची एकेक कांडी. इतके दिवस एखाद्या बाईच्या उशाशी बसलं की ती परकी राहत नाही. चाळणीवर बसणारी रशिदा थट्टा करायची, “मावशी, तुमची सून उठली का?” आणि कुशाबाई म्हणायची, “न्हाई अजून. तुझ्यावानी निवांत हाय.” रशिदाचं घर तीन पिढ्यांपासून निमोण्यात. नवरा सिद्दीक ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. सातवीपर्यंत शिकलेली, त्यामुळे पिशव्यांवर चिठ्ठ्या लिहिण्याचं कामही तिच्याकडेच.

सोमवारी मॅडम रजिस्टर घेऊन खड्ड्याच्या कडेला बसल्या. लिहिताना मोठ्यानं बोलायची त्यांना सवय. “स्त्री. वय चाळीसच्या आसपास. सोबत वस्तू, काही नाही. दर्जा, कनिष्ठ. बहुधा घरातली दासी.” मग मान हलवून म्हणाल्या, “बिचारी.”

कुशाबाईचा ब्रश थांबला. “कशावरनं, मॅडम?”

“काय कशावरून?”

“दासी कशावरनं?”

“अहो, एक मडकंसुद्धा नाही तिच्याबरोबर. मणी नाही, बांगडी नाही. तिकडे त्याच्या भोवती चौदा आहेत. कुणी तिला काही दिलंच नाही, म्हणजे ती कोण असणार?” मॅडम चांगल्या होत्या, तुसडेपणा त्यांच्यात नव्हता. दोन आणि दोन चार म्हणावं तसं त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या. “परवा हाडं उचलायची. पुण्याला न्यायची आहेत.”

कुशाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती काही बोलली नाही, कारण तिला बोलायचं होतं ते इथलं नव्हतंच. ते दौंडाकडचं होतं.

तिची आई शेवंताबाई. नऊ घरांचा वाडा होता त्यांचा. वाडा म्हणजे धनगरांचा फिरता तळ. आज या शिवारात, उद्या त्या. शेवंताबाईनं काठी टेकली की तिथं वाडा पडायचा. कुठल्या रानात मेंढरं बसवायची, कुणाशी बोलणी करायची, कुठल्या मेंढीला काय पाजायचं, सगळं तिच्या शब्दावर. नऊ घरांतले गडी मिशांना पीळ द्यायचे आणि मग शेवंताबाईला विचारायला यायचे. अशी ती बाई दौंडाच्या अलीकडं, भीमेच्या बाजूला, ऐन पौषाच्या थंडीत चार दिवसांच्या तापानं गेली. तोच ताप आठ वर्षांच्या कुशालाही चढला होता. जाण्याआधी शेवंताबाईनं नवऱ्याला एवढंच सांगितलं, “हरिबा, माझ्या संगं काय टाकू नगंस. समदं पोरीला दे.”

हरिबानं शब्द पाळला. बायकोच्या अंगावरची घोंगडी काढून लेकीच्या अंगावर टाकली. बोटातलं तांब्याचं वेढं काढून लेकीच्या मुठीत दिलं. आणि शेवंताबाईला बांधाच्या कडेला खड्ड्यात ठेवलं, नुसती, रिकाम्या हातानं. कुशा जगली. घोंगडी विरली. तो बांध आता कुणाच्या उसात गेला असेल, देव जाणे. उद्या कुणी मॅडम तिथं दोऱ्या ताणून बसली तर काय लिहील? कनिष्ठ. दासी. बिचारी.

कुशाबाईला रात्री जेवण गेलं नाही. सकाळी उठल्या उठल्या तिनं देव्हाऱ्यातली कुंकवाची जुनी डबी उघडली. ते वेढं म्हणजे तांब्याच्या जाड तारेचे दोन फेरे, पन्नास वर्षं कुंकवात पडून काळं-हिरवं झालेलं. पदराच्या गाठीला बांधून ती कामावर गेली. कुणाला फसवायचं तिच्या डोक्यातही नव्हतं. बाई गावाबाहेर चालली आहे, कायमची, आणि आपल्याकडं सवाष्ण असो की पोर, बाईमाणूस घरातून निघालं की रिकाम्या ओटीनं जात नाही, एवढाच तिचा हिशोब. खण-नारळ ठेवला असता तर मॅडमनी आरडाओरडा केला असता. गहू-तांदूळ ब्रशनं झाडून निघाले असते. वेढं बारीक होतं.

संध्याकाळी ताडपत्री ओढायचं काम तिचंच. बाकीच्या बाया हातपाय धुवायला गेल्या तेव्हा ती गुडघ्यावर बसली, पसरलेल्या बोटांच्या खालची माती नखानं जराशी उकरली आणि वेढं आत दाबलं. “जा बाई आता,” ती म्हणाली. “कुणी इचारलं तर सांग, निमोण्याची हाय म्हणून.”

घरी गेल्यावर ती दोन भाकरी जास्त जेवली.

बुधवारी मॅडमनी स्वतः हाडं उचलायला घेतली. बोटांची कांडी सुटी करता करता त्या अचानक ताठ बसल्या. मग अशा ओरडल्या की सिद्दीक रस्त्यावरून ट्रॅक्टर थांबवून पळत आला. त्याला वाटलं, साप निघाला.

“तांबं! तांबं आहे! कुणी हात लावू नका!”

 हे असं होईल याचा कुशाबाईनं विचारच केला नव्हता. देताना माणूस देतो. दिलेलं कुणी पंचनाम्यात धरेल हे कुणाच्या मनात येतं? आत्ताच सांगून टाकावं म्हणून ती पुढं झाली, पण मॅडमच्या डोळ्यांत पाणी होतं. पाच महिन्यांत पांढरीवर तांब्याचा तुकडासुद्धा सापडला नव्हता. “चौदा मडक्यांच्या माणसाकडेही तांबं नाही, कुशाबाई! हिच्याकडे आहे! लॅबमध्ये तपासावं लागेल, पण ही साधी बाई नव्हती. मी चुकले होते.”

मी चुकले होते. एवढं शिकलेली बाई हे म्हणाली आणि कुशाबाई आल्या पावली मागं सरकली. खरं तर तिला बरं वाटलं.  मग काय, ती गप्प बसली, आणि गप्प बसणं हीच तिची खरी चूक झाली.

दुपारपर्यंत गावभर मोबाईलवर फोटो फिरला. संध्याकाळपर्यंत दासीची राणी झाली. तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजाराला गेलेले लोक जीप भरून थेट पांढरीवर उतरले. हाडं उचलायचं काम थांबलं, वर मंडप आला. कुणीतरी हळदीकुंकू वाहिलं, ते मॅडमनी पुसायला लावलं, की दुसरीनं पुन्हा वाहिलं. चौदा मडक्यांचा प्रमुख बिचारा पलीकडं ताडपत्रीखाली एकटा पडला. कानामागून आली आणि तिखट झाली! पोपटराव हार घेऊन आले. हार कुठं घालायचा ते कळेना, म्हणून मॅडमना घातला.

“मी तर पैल्याच दिवशी म्हणलं व्हतं,” पोपटराव कवटीकडं बोट दाखवून म्हणाले. “तोंडावरचं तेजच सांगतंय. हातच्या काकणाला आरसा कशाला?”

रशिदा चाळणीआडून कुशाबाईकडं बघत होती. “मावशी, तुमच्या सुनेला सरपंचांनी पळवलं.” कुशाबाई हसली नाही. रशिदाला ते दिसलं.

गुरुवारी सकाळी त्याच खड्ड्यात, राणीच्या अगदी शेजारी, माती भरायला उतरलेल्या रशिदाच्या घमेल्याखाली आणखी एक कवटी निघाली. सगळ्या बाया एकदम लागल्या आणि दुपारपर्यंत वरवरचं सगळं अंग मोकळं झालं. म्हातारी बाई. दात झिजलेले, पाठीचा कणा वाकलेला. हात छातीवर आणि हातांत काही नाही. मॅडम खाली उतरल्या, आजूबाजूची माती पुन्हा पुन्हा चाळून घेतली. काही नाही. तेवढ्यात पोपटरावांनी एका बातम्यावाल्याला आणलं. त्यानं मोबाईल समोर धरला, आणि मॅडम बोलायला लागल्या.

“इथे समाजातली उतरंड स्पष्ट दिसते. ही अंगठीवाली स्त्री उच्च दर्जाची. आणि तिच्या पायाशी नाही पण शेजारी ही दुसरी, हिच्याबरोबर एकही वस्तू नाही. ही तिची दासी असावी. मालकिणीच्या सेवेला.”

कुशाबाई खड्ड्यातच होती. तिनं म्हातारीच्या त्या वाकलेल्या पाठीकडं पाहिलं आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हिला दासी कुणी केलं? मॅडमनी नाही. आपण केलं. एकीची ओटी भरली आणि दुसरीला मोलकरीण करून ठेवली. आता बोललो नाही तर आपल्या आईच्याच वेढ्यानं एक बाई कायमची कुणाच्या तरी पायाशी बसणार, पुस्तकात छापून. आणि बोललो तर काम जाणार, गाव तोंडात शेण घालणार, आणि राणीही पुन्हा दासी होणार. तिनं फार वेळ विचार केला नाही. फार विचार करणाऱ्यांची मेंढरं लांडगा नेतो.

“मॅडम,” ती म्हणाली, “ते वेढं माझ्या आयचं हाय.”

बातम्यावाल्यानं मोबाईल तिच्याकडं वळवला. पोपटराव मोठ्यानं हसले. “म्हातारीला ऊन लागलं जणू. आगं ए कुशे, पानी पी!”

“ऊन तुमाला लागलंय, सरपंच. मंगळवारी ताडपत्री वढताना मी ठिवलं. खोटं वाटत आसंल तर बघा, वेढ्याचं एक टोक चपाट हाय. लहानपनी माझ्या बोटात ढिलं व्हायचं, म्हणून मी दातानं दाबलं व्हतं.”

मॅडमनी खिशातून छोटी पिशवी काढली, वेढं उन्हात धरलं, भिंग लावलं.  एक टोक खरंच चपटं होतं.

“मोबाईल बंद करा,” त्या बातम्यावाल्याला म्हणाल्या. मग कुशाबाईकडं वळल्या.  “तुम्ही काय केलंय ते कळतंय तुम्हाला? पाच महिन्यांचं काम आहे हे. आता या खड्ड्यातून काहीही निघालं तरी लोक विचारतील, हे खरं की कुशाबाईंनी ठेवलेलं? का केलंत असं?”

“ती गावातनं चालली व्हती. वटी भरली.”

“हाडांची?”

“बाईची.”

 कुशाबाई उठून उभी राहिली. तिचे गुडघे दुखत होते, पण बसून बोलायची ही गोष्ट नव्हती. “माझी चूक झाली मॅडम, लई मोठी झाली. मी न्हाई म्हनत न्हाई. काय शिक्षा करायची ती करा. पन तुमच्या चुकीचं काय?”

“माझी कसली चूक?”

“सोमवारी ही दासी. बुधवारी राणी. हाडं तीच. एक हाड हिकडचं तिकडं झालं न्हाई. मधी फकस्त माझ्या आयचं वेढं आलं. मंग तुमी बाई बघत व्हता का वेढं?”

“कुशाबाई, शास्त्र असंच चालतं. जे सापडतं त्यावरूनच बोलावं लागतं.”

“सापडलं त्यावरनं बोला की! सापडलं न्हाई त्यावरनं का बोलता? माझी आय नऊ घरांची कारभारीन व्हती. तिला पुरली तवा तिच्या अंगावर घोंगडीबी न्हवती. का? तर ती माझ्या अंगावर व्हती. तिला कुनी दिलं न्हाई म्हनून ती रिकामी ग्येली न्हाई. तिनं दिलं म्हनून रिकामी ग्येली. हे तुमच्या कुठल्या रकान्यात बसतं, सांगा मला.”

चाळण खाली ठेवल्याचा आवाज आला. रशिदा खड्ड्याच्या कडेला येऊन उभी राहिली. एरवी मॅडमसमोर ती दोन शब्दांच्या वर बोलत नसे.

“मॅडम, मी बोलू का? माझे सासरे बागायतदार होते. तीस एकर. ते गेले तर कफनात गेले. घरात हमाली करणारे चाचा गेले, तेबी तसल्याच कफनात. आमच्यात संगं काय देतच न्हाईत, राजा असू दे न्हाईतर फकीर. कापड तर मातीत जातंय कुजून. हजार वर्सांनी तुमच्यासारखं कुनी आमचं कब्रस्तान उकरलं, तर काय लिवतील? समदं गावच भिकाऱ्यांचं व्हतं म्हणून?”

पोपटरावांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. पण बाकीच्या दहा बाया एकेक करून खुरपी खाली ठेवत होत्या, त्यांच्यात त्यांची स्वतःची बायकोही होती. त्यांनी तोंड मिटलं.

मॅडम खड्ड्याच्या कडेवर बसल्या. रागावलेल्या होत्या, आणि रागावायचा त्यांना हक्क होता.  मग त्यांनी रजिस्टर मांडीवर घेतलं, सोमवारचं पान काढलं आणि त्याखाली बुधवारी जोडलेलं वेढ्याचं वाक्य आडवी रेघ मारून खोडलं. त्याच्या वरची ‘दासी’ही खोडली. नंतर बराच वेळ लिहीत राहिल्या. या वेळी मोठ्यानं बोलल्या नाहीत.

“रशिदा,” कुशाबाई म्हणाली, “काय लिवलंय वाच गं.”

रशिदानं मॅडमकडं पाहिलं. मॅडमनी रजिस्टर तिच्यापुढं केलं. “‘सोबत वस्तू आढळल्या नाहीत. अंगठी आजच्या काळातली, कामगार स्त्रीनं ठेवलेली. दर्जा सांगता येत नाही.’”

“आन् तिला कुनी काय दिलं न्हाई, का तिनंच समदं दिऊन टाकलं?”

“तेही सांगता येत नाही, कुशाबाई.”

“मंग त्येबी लिवा.”

मॅडमनी वर पाहिलं. “उद्यापासून तुम्ही कामावर यायचं नाही. हे मला करावंच लागेल.”

“न्हाई येत. लिवा.”

पेन कागदावर टेकलं. मॅडमनी ओळ पुरी केली, तारीख घातली, खाली सही केली. पोपटराव गर्दीला पांगवायला लागले, बातम्यावाला जीपकडं निघाला, कुणीतरी मंडपाचा दोर सोडला. मॅडम रजिस्टर मिटून उठायला लागल्या.

कुशाबाई जागची हलली नाही. तिनं शेजारच्या म्हातारीकडं बोट केलं.

“आता हिचं.”